भाड्याची गाडी आणि खरा हिशोब



आजचा आधार: नारदस्मृती, वेतन आणि भाडं यांविषयीचं प्रकरण
आजचा प्रश्न: भाड्याने घेतलेल्या गाडीचं नुकसान झालं आणि नुकसानीचं संरक्षण घेतलेलं नव्हतं. मग किती भरायचं, कोणी भरायचं आणि कशाला ‘नाही’ म्हणायचं?

शुक्रवारी संध्याकाळी बीकेसीत ऑफिसं सुटली की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या दिसायला लागतात. ही पाटी म्हणजे सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची, परवाना असलेली गाडी. कोणी लोणावळ्याला निघालेलं असतं, कोणी अलिबागला, कोणी थेट गोव्याला. बुकिंगच्या शेवटच्या स्क्रीनवर एक चौकोन असतो: संरक्षण हवंय का? काहीशे रुपये वाचवायचे म्हणून आपल्यातले बरेचजण तो रिकामा सोडतात. आणि मग परतताना वांद्र्यात, रानवार किंवा चॅपल रोडच्या अरुंद गल्लीत, एका बाजूला जुन्या घराची पायरी आणि दुसऱ्या बाजूला लावलेल्या स्कूटर, अशा जागी दरवाज्यावर हातभर ओरखडा उमटतो.

इथून पुढे खरी परीक्षा सुरू होते. एक आवाज म्हणतो, रात्रीच्या अंधारात गाडी परत लाव, कोण बघतंय? दुसरा म्हणतो, ते मागतील तेवढे देऊन टाक, कटकट नको. तिसरा हळूच म्हणतो, चालवत कोण होतं? त्यालाच भरू दे. या तिन्ही आवाजांना शास्त्राने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलंय. आज तेच बघू.

शास्त्र काय म्हणतं

नारदस्मृतीत माणसामाणसांतल्या भांडणांचे अठरा विषय केलेत. त्यातल्या एका विषयात मजुरी आणि भाडं येतं. भाड्याला तिथे शब्द आहे ‘स्तोम’. भाड्याने आणलेल्या वस्तूंबद्दल नारद जे सांगतात त्याचा भावार्थ असा: ठरलेली मुदत संपली की वस्तू परत पोचवा, मधल्या काळात जे मोडलं किंवा हरवलं ते घेणाऱ्याने भरून द्यावं, अपवाद फक्त ‘संप्लवा’चा.

एका श्लोकात संपूर्ण रेंटल ॲग्रीमेंट आहे. त्यातल्या तीन गोष्टी नीट बघा.

पहिली, नियम ‘मोडलेल्या’ आणि ‘हरवलेल्या’ वस्तूचा आहे. वापराने झिजलेल्याचा नाही. वस्तू वापरली की ती थोडी झिजणारच, आणि भाडं त्याचंच असतं. टायर दोनशे किलोमीटर झिजला, सीटवर वाळू राहिली, यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर ते भाडंच दुसऱ्यांदा मागतायत. पण दरवाज्याला पोचा आला, आरसा तुटला, तर ते मोडणं आहे. ते तुमच्याकडे येतं.

दुसरी, नियम असं विचारत नाही की तुम्ही मुद्दाम मोडलंत का. वस्तू तुमच्या हातात होती, एवढं पुरे. आपलं मन लगेच हेतूकडे पळतं: ‘मी काय मुद्दाम केलं?’ अहो, मुद्दाम कोण करतं? पाप लागलं की नाही हा प्रश्न वेगळा, भरपाई कोणाकडे हा प्रश्न वेगळा. चूक नसतानाही देणं असू शकतं, आणि ते देताना स्वतःला अपराधी समजायची गरज नसते.

तिसरी गोष्ट संप्लव. तिच्यावर जरा थांबू.

संप्लव कशाला म्हणायचं?

संप्लव म्हणजे सगळीकडून पाणी एक होणं, पूर. त्यावरून अर्थ येतो सगळ्यांवर एकदम कोसळणारं, कोणाच्या हातात नसलेलं संकट. याज्ञवल्क्यस्मृतीतही ठेवीबद्दल असाच अपवाद आहे: राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळवली, तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ती वसूल करायची नाही.

मुंबईकराला हा शब्द समजवावा लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी कुर्ला, कलिना, बीकेसीतून पसरली आणि हजारो गाड्या उभ्या जागी बुडाल्या. तो संप्लव. त्या दिवशी कोणाच्या ताब्यात भाड्याची गाडी असेल, तर नारदांच्या हिशोबाने तो सुटला.

पण जुलैतल्या एखाद्या साध्या सकाळी अंधेरी सबवेत पाणी भरलंय, समोरच्या गाड्या वळून परत येतायत, आणि तरीही ‘एवढ्याशा पाण्याला काय होतंय’ म्हणत आपण गाडी घातली, इंजिनात पाणी शिरलं, तर? पाऊस दैवाचा होता, ॲक्सिलरेटर आपला होता. विमा कंपन्याही हाच भेद करतात. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करून बिघडवलं, तर साध्या पॉलिसीत ते बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

म्हणून ‘देवाची इच्छा’ हे शब्द वापरताना जपा. जे खरंच त्याच्या हातात होतं तेवढंच त्याच्यावर सोडायचं. आपल्या घाईचं बिल त्याच्या नावावर फाडणं ही भक्ती नव्हे.

दीडशे वर्षांपूर्वीचे दोन घोडे

आजचा कायदाही याच वाटेने जातो. भारतीय करार कायदा 1872 सालचा, आणि दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेण्याबद्दलची त्यातली कलमं आजही लागू आहेत. कलम 151 सांगतं की सामान्य, समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. कलम 152 सांगतं की तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी येत नाही.

‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. ॲपमध्ये खालपर्यंत न वाचता ‘मान्य’ दाबलं, तोच तो वेगळा करार. आम्ही कोड लिहिणारे लोक दुसऱ्याची लायब्ररी वापरताना तिचं लायसन्स वाचतो (निदान वाचायला हवं). दहा लाखांची गाडी उचलताना ती दोन पानं वाचायला काय हरकत आहे?

कलम 154 मध्ये दोन घोड्यांची उदाहरणं आहेत. एकाने घोडा स्वतः बसायला म्हणून मागून आणला आणि घरातल्या दुसऱ्याला बसू दिलं. दुसऱ्याने कलकत्त्याहून बनारसला जायचं सांगून घोडा भाड्याने घेतला आणि गेला कटकला. दोघांच्याही बाबतीत घोडा जपूनच हाकला होता, अपघाताने पडला. तरी भरपाई द्यावी लागते, कारण जे ठरलं होतं ते मोडलं.

आता घोड्याच्या जागी गाडी ठेवा. बुकिंग तुमच्या नावावर आणि चालवायला दिली अशा मित्राला ज्याचं नाव नोंदवलेलं नाही. महाराष्ट्रापुरती घेतली आणि नेली गोव्याला. अशा वेळी ‘पण आम्ही सावकाश चालवत होतो’ हे खरं असलं तरी उपयोगाचं नाही. आणि संरक्षण घेतलेलं असतं, तरी अशा प्रसंगी ते बहुतेक उपयोगी पडलं नसतं.

मुदतीचंही तेच. याज्ञवल्क्य म्हणतात, ठेव परत मागितल्यावर दिली नाही आणि मग ती गेली, तर भरपाई आहेच, वर तेवढाच दंड. करार कायद्याचं कलम 161 सांगतं की वेळेवर परत न केल्यास त्या क्षणापासून पुढच्या नुकसानीला तुम्ही जबाबदार. रविवारी रात्री नऊला द्यायची गाडी ‘सोमवारी सकाळी देऊ’ म्हणून बिल्डिंगखाली ठेवली आणि रात्री झाड पडलं, तर झाड दैवाचं, पण उशीर तुमचा.

बाजू मालकाचीही आहे. कलम 150 प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूत आधीपासून दोष असेल आणि त्यामुळे नुकसान झालं, तर मालक जबाबदार, त्याला दोष माहीत असो वा नसो. ब्रेकच नीट लागत नव्हते तर ते तुमच्या माथी नाही. शास्त्र एकाच बाजूने बोलत नाही.

विमा नव्हता म्हणजे नेमकं काय नव्हतं?

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. गाडीचा विमा मालकाचा असतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे तिसऱ्या व्यक्तीला होणाऱ्या इजेचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो, पण व्यवसाय करणारा मालक तो सहसा घेतोच. बुकिंग करताना तुम्ही जो प्लॅन नाकारता तो पुष्कळदा पॉलिसी नसतोच. तो तुमच्यात आणि कंपनीत झालेला एक वायदा असतो: नुकसान झालं तर तुमचा वाटा अमुक रकमेपर्यंत. तो नाकारला म्हणजे तुमच्या वाट्यावरची मर्यादा गेली. मालकाचा विमा काही कुठे गेला नाही.

म्हणून विचारा: तुमच्या विम्यातून किती मिळालं? समजा दुरुस्तीचं बिल 24,000 रुपये झालं आणि मालकाला विम्यातून 14,000 मिळाले. मालकाचं उरलेलं नुकसान 10,000. एकच नुकसान त्याने दोनदा भरून घ्यायचं नाही, हे विम्याचं मूळ तत्त्व आहे. करारात लिहिलं असेल तर गाडी गॅरेजमध्ये बंद राहिली त्या दिवसांचं भाडं यात वाढू शकतं. शिवाय साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, आणि बंपर प्लास्टिकचा असतो. त्यामुळे बंपर फुटला की मालकाच्याही खिशातून जातं. ते त्याने मागितलं तर तो लुबाडत नाहीये.

गोव्यात एक वेगळी काळजी घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात भाड्याने देऊ करतं. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही, त्यामुळे अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तिथे मग खरोखरच कोणाचंच छत्र नसतं. आणि कुठेही, कोणत्याही गाडीने, माणसाला लागलं असेल तर आधी माणूस, मग पोलीस, मग गाडी. हा क्रम कधी बदलू नका.

चौघांत वाटणी कशी करायची?

मला वाटतं सगळ्यात जास्त जखम इथे होते. गाडी दुरुस्त होते, मैत्री होत नाही. चालवणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला चालवायला येतं म्हणून आपण आग्रहाने पुढे बसवलेलं असतं. बाकीचे मागे गाणी लावतात, झोपतात. ओरखडा आला की तो एकटा पडतो. त्यात त्याचा पगार चौघांत सगळ्यात कमी असेल तर बोलायलाही लाजतो.

एकत्र मिळून व्यापार करणाऱ्यांसाठी याज्ञवल्क्यांनी नियम दिलाय. नफा-तोटा आपापल्या वाट्याप्रमाणे किंवा ठरवलं असेल तसा. पण एखाद्याने सगळ्यांनी मना केलेलं काम केलं, कोणी न सांगितलेलं केलं, किंवा निष्काळजीपणाने माल घालवला, तर त्याने एकट्याने भरायचं. आणि पुढचं वाक्य मला फार आवडतं: संकटात ज्याने माल वाचवला त्याला दहावा हिस्सा जास्त.

ट्रिपला हे जसंच्या तसं लागू पडतं. सगळ्यांच्या आनंदासाठी, सगळ्यांच्या संमतीने एकजण चालवत होता आणि अरुंद गल्लीत घासली, तर चौघांनी सारखं भरा. संरक्षण न घेऊन जे पैसे वाचले तेही चौघांचेच वाचले होते ना? पण बाकीचे ‘नको, नको’ म्हणत असताना एकाने पिऊन किल्ली घेतली, किंवा फोनवर रील बघत चालवली, तर ते त्याचं. तिथे दयेने वाटून घ्यायचं तर घ्या, पण ती दया आहे, हिशोब नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत असू द्या. आणि रात्रभर जागून, टोइंगवाल्याशी बोलून, पोलीस चौकीत बसून ज्याने सगळं निस्तरलं, त्याचा वाटा थोडा कमी करा. दहावा हिस्सा त्याचा.

जास्त मागितलं तर?

संत एकनाथांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे ते हिशोब बघत. एकदा एका पैची चूक सापडेना. रात्रभर दिव्यापाशी बसून त्यांनी ती शोधली, आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी म्हटलं, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती परमार्थात लाव, अशी ती कथा. आपण तिचा उत्तरार्ध सांगतो आणि पूर्वार्ध विसरतो. एक पै कमी असो वा जास्त, नाथांना दोन्ही चुकीच्याच वाटल्या असत्या.

म्हणून लपवणं जसं खोटं, तसं भीतीने वाटेल ते देऊन टाकणंही हिशोबाला धरून नाही. एका ओरखड्यासाठी अख्ख्या दरवाज्याचे पैसे मागितले तर गॅरेजचं बिल मागा. घेतानाचे आणि देतानाचे फोटो दाखवा. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या आकड्यापर्यंत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा किंवा अवाजवी डिपॉझिट मागणारा करार ‘अनुचित करारा’त मोडतो.

आधी लेखी तक्रार कंपनीकडे करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. तरी नाही ऐकलं, तर उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आपल्याच वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. करारालाच अनुचित म्हणून आव्हान द्यायचं असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. हे करताना राग धरू नका. समोर बसलेला कस्टमर केअरचा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे, त्याने नियम बनवलेले नाहीत.

आणि गाडी मित्राची असेल तर?

माउंट मेरीच्या टेकडीखाली वाढलेल्या आपल्या ख्रिस्ती मित्रांच्या बायबलमध्येही हा विषय आहे. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या जनावराला इजा झाली आणि मालक सोबत नव्हता, तर आणणाऱ्याने भरून द्यायचं. भाड्याने घेतलेलं असेल तर ते भाड्यात आलं. म्हणजे फुकट मागून आणलेल्या वस्तूची जबाबदारी तिथे भाड्याच्या वस्तूपेक्षा जड मानलीय. विचार केला तर पटतं. भाडं घेणाऱ्याने थोडी जोखीम किमतीत धरलेली असते. मित्राने काहीच धरलेलं नसतं, फक्त तुमच्यावर विश्वास.

मित्र म्हणेल, ‘अरे राहू दे, इन्शुरन्समधून करून घेतो.’ तिथे थांबू नका. खाजगी गाडीवर क्लेम न घेतल्याची सूट पहिल्या वर्षानंतर 20 टक्क्यांपासून पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत वाढते, आणि एका क्लेमने ती जाते. पुढच्या वर्षी त्याचा हप्ता वाढेल तो फरक तुमच्या हातून झालेला आहे. तो सांगणार नाही. तुम्ही विचारा.

शेवटचं

या स्मृतींमधलं बरंच काही, वर्णावरून वेगळ्या शिक्षा वगैरे, आपण मानत नाही आणि मानूही नये. पण दुसऱ्याची वस्तू हातात घेतल्यावर कसं वागावं, हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. माझ्या हातून मोडलं तेवढं माझं. त्याहून कमी म्हणणार नाही, त्याहून जास्त उचलणार नाही. विमा असला तर कोणी भरायचं ते बदलतं. काय घडलं ते खरं सांगायचं, हे तेव्हाही आपल्याकडेच असतं.

आजचा अभ्यास

1. गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंचा, छताचा, काचांचा, टायरचा व्हिडिओ काढा. त्यात वेळ दिसू द्या.
2. निघण्याआधी ग्रुपवर एक ओळ लिहा: नुकसान झालं तर वाटणी कशी. आधी लिहिलेलं नंतर भांडण वाचवतं.
3. काही घडलं तर परत देण्याआधी स्वतःहून कळवा. सापडण्याची वाट बघू नका.
4. मित्राची, शेजाऱ्याची, ऑफिसची एखादी मोडकी वस्तू आपल्या घरात पडून आहे का? आज रात्री आठवून बघा, आणि उद्या एक फोन करा.

पांडुरंगा, आमच्या हातात जे आहे ते बरंचसं दुसऱ्याचं आहे. हे शरीरसुद्धा मुदतीवर दिलेलं आहे. मुदत संपेल तेव्हा ते जपून, हिशोबासकट तुझ्या दारी आणून ठेवता येईल एवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी!